दोन महिन्यांचं राज्य: फ्लॉरेन्सच्या दुफळीचं मूळ तेच का?

कातरवेळ (धागाकर्ता)

१२८२ साली इटलीतल्या फ्लॉरेन्स शहराच्या श्रेणींनी, म्हणजे व्यापारी-कारागिरांच्या संघांनी, कारभार हाती घेतला. शहराचे सहा भाग, प्रत्येकातून एक प्रायर (कारभारी), मुदत दोन महिने. तेवढे दिवस प्रायरांनी एकाच वास्तूत राहायचं, तिथंच जेवायचं-झोपायचं, म्हणजे कुणी कानाशी लागायला नको.

इतक्या छोट्या मुदतीत कारभार कसला होणार, म्हणूनच शहरात तट पडले, असं नेहमी वाचायला मिळतं. मला ते पटत नाही. घराण्यांनी बुरूज बांधून एकमेकांवर दगड फेकायचे, ते बुरूज १२५० मध्ये सरकारला कापून बुटके करावे लागले. अशा गावात एका घराला पाच वर्षं सत्ता दिली असती तर काय झालं असतं?

खरं दुखणं वेगळं आहे. हरणाऱ्याला शहरात जागाच नसे. घरांवर गाढवाचा नांगर आणि अख्खं कुटुंब तडीपार. १२६० ला मोन्तापेर्तीच्या लढाईत गिबेलिन (सम्राटाच्या बाजूचे) जिंकले तेव्हा ग्वेल्फ (पोपच्या बाजूचे) गाव सोडून गेले. १२६६ ला बेनेव्हेन्तोच्या लढाईनंतर पारडं फिरलं. उबेर्ती या गिबेलिन घराण्याची घरं जिथं पाडली, तिथं आज पियात्सा देल्ला सिन्योरिया हा चौक आहे. तडीपार माणूस गप्प बसत नाही, दुसऱ्याचं सैन्य घेऊन वेशीवर येतो.

वाटाड्या

असहमत. १३०० सालच बघा. १ मे रोजी चेर्की आणि दोनाती घराण्यांची पोरं सांता त्रिनिता चौकात भिडली, एका चेर्कीचं नाक कापलं गेलं. १५ जूनला कवी दान्ते प्रायर झाला. त्याची बायको जेम्मा दोनातींचीच, तरी त्या प्रायरांनी काळे (दोनातींचे) आणि पांढरे (चेर्कींचे) अशा दोन्ही गटांचे म्होरके शहराबाहेर काढले. त्यात दान्तेचा जिवलग कवी ग्विदो काव्हाल्कान्तीही होता. इतका निःपक्ष निर्णय त्या शहरात क्वचितच झाला असेल. पण १५ ऑगस्टला मुदत संपली आणि सार्झाना गावी धाडलेले पांढरे परत आले. काव्हाल्कान्ती आजारी होऊन आला आणि त्याच महिन्यात गेला. निर्णय घेणारे निराळे, निस्तरणारे निराळे! १३०१ च्या नोव्हेंबरात फ्रान्सच्या राजाचा भाऊ शार्ल द व्हालुआ याच्या आडून काळा गट घुसला तेव्हा प्रायरांना खुर्च्या सोडाव्या लागल्या.

कातरवेळ

आणि १३०२ मध्ये दान्ते तडीपार, पुढे सापडला तर जाळण्याची शिक्षा. तुम्ही माझंच म्हणणं सिद्ध करताय. शेजारच्या सिएना शहरातही कारभार बघणारं नऊ जणांचं मंडळ दोन-दोन महिन्यांचंच होतं. ते १२८७ ते १३५५ टिकलं, तब्बल ६८ वर्षं. चित्रकार लोरेन्झेत्तीची सुराज्य-कुराज्याची भित्तिचित्रं त्याच मंडळाच्या दालनात आहेत.

ओवी

तुम्ही दोघं मुदत मोजताय. दारात कुणाला येऊ देत नव्हते ते कोण बघणार? १२९३ च्या न्यायविषयक कायद्यांनी बड्या घराण्यांना प्रायरपद बंद केलं. त्यांतल्या कुणी सामान्य माणसाचा खून केला, तर ध्वजाधिकारी पायदळ घेऊन त्याचं घर पाडायला जाई. हे कायदे रेटणारा ज्यानो देल्ला बेल्ला स्वतः चांगल्या घरचा, पण १२९५ मध्ये त्यालाच गाव सोडावं लागलं. खालच्या टोकाला लोकर पिंजणारे मजूर: त्यांना श्रेणीच नाही. १३७८ मध्ये त्यांनी उठाव करून ती मिळवली आणि ऑगस्ट संपता संपता ती मोडूनही टाकली गेली. मला या सगळ्यात तेच सर्वांत जास्त लागतं. सिएनाच्या नऊंनीही सरदारांना बाहेर ठेवलं होतं, म्हणून तर १३५५ मध्ये सरदार आणि सामान्य लोक एक होऊन त्यांच्यावर उलटले.

वाटाड्या

ओवी, हे मान्य. पण मुदतीचा मुद्दा मी सोडत नाही. १३२८ पासून पात्र लोकांची नावं पिशव्यांत घालून चिठ्ठ्या काढत. १४३३ मध्ये मेदिची या बड्या सावकार घराण्याचा कोसिमो तडीपार झाला. वर्षभरात चिठ्ठ्यांतून त्याच्या बाजूचे प्रायर निघाले आणि तो परत. एका सोडतीवर शहराचं नशीब! त्यानंतर मेदिचींनी दोन महिन्यांचा नियम तसाच ठेवला, फक्त पिशवीत कुणाची नावं राहायची ते आपल्या माणसांकडून ठरवून घेतलं.

कातरवेळ

खुल्या सोडतीची त्यांना भीती वाटली म्हणूनच ना? सोडत कुचकामी असती तर पिशवीला हात लावायची गरजच नव्हती.