‘आजीला कुठे काय झालं?’ या पुराव्याचं करायचं काय?

आकडेमोड (धागाकर्ता)
तंबाखूच्या धाग्यावर काल विश्वंभररावांनी टाकलेला प्रतिसाद वाचून डोकं फिरलं, म्हणून हा वेगळा धागा. ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: कॅन्सर रक्तात असतो, ज्याच्या घराण्यात आहे त्यालाच होतो. त्यांच्या आजीने जन्मभर मिश्री लावली आणि ती नव्वदीत झोपेत गेली. उलट शेजारच्या निर्व्यसनी मास्तरांना आतड्याचा झाला. सबब, जीवनशैलीची ही सर्वेक्षणं म्हणजे फुकट पगार खायचे धंदे. त्यावर ‘+१’ची रांग.

आता आजीचंच घेऊ. ब्रिटनमध्ये आयुष्यभर सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांपैकी पंचाहत्तरीच्या आत फुप्फुसाच्या कॅन्सरने जाणारे निघाले साधारण १६ टक्के. दुसऱ्या कशाने आधी गेले नाहीत असं धरून. म्हणजे शंभरातले ८४ जण ‘मला कुठे काय झालं’ म्हणायला मोकळे! पण कधीच न ओढणाऱ्यांत हाच आकडा अर्ध्या टक्क्याच्याही आत आहे. आजी म्हणजे मिश्रीवाल्यांतल्या अशाच ८४ पैकी एक. आनंद आहे. जे १६ मध्ये गेले ते धाग्यावर +१ द्यायला येत नाहीत, एवढाच फरक.

डॉल आणि हिल या संशोधकांनी १९५१ मध्ये ब्रिटिश डॉक्टरांना पत्रं पाठवून ‘तुम्ही काय ओढता’ विचारलं आणि पुढे पन्नास वर्षं कोण कशाने जातो याची नोंद ठेवली. सिगारेट न सोडणारे सरासरी दहा वर्षं आधी गेले. एका आजीसमोर हे ठेवायचं की नाही, तुम्हीच ठरवा.

आणि ‘घराण्यात आहे’ याबद्दल. घराण्यात फक्त रक्त नसतं हो, मिश्रीचा डबाही असतो. तो सासूकडून सुनेकडे जातो. सासू-सुनेचं रक्ताचं नातं कोणतं? जेफ्री रोझ या ब्रिटिश साथरोगतज्ज्ञाने १९८५ मध्येच लिहून ठेवलंय की सगळेच्या सगळे रोज वीस सिगारेटी ओढत असते, तर कोणताही अभ्यास करा, फुप्फुसाचा कॅन्सर आनुवंशिकच ठरला असता. ज्या गावात प्रत्येक बाई मिश्री लावते तिथे ‘मग हिलाच का झाला’ याचं उत्तर रक्तातच शोधलं जाणार. डबा कोणाला दिसणारच नाही.

विश्वंभर
अरे वा, माझ्या नावाने धागा! आकडेमोडसाहेब, सिगारेटचं मला सांगू नका, ते शाळेतली पोरंही सांगतात. तुम्ही मुंबईच्या पारशी बायकांबद्दल बोला. १९६३ पासून मुंबईत कर्करोग नोंदणी आहे, देशातली पहिली. कर्करोगतज्ज्ञ डॉ. जस्सावाला यांनी त्याच नोंदींवरून दाखवलं की स्तनाचा कॅन्सर पारशी स्त्रियांत इतर समाजांपेक्षा जास्त. तंबाखू? अग्नीला पवित्र मानणारी माणसं, ओढणारे मोजकेच. शिकलेल्या, खाऊनपिऊन सुखी. पिढ्यान्‌पिढ्या आपसात लग्नं. हे रक्त नाही तर काय, धानसाक?

आणि जुळ्यांचा अभ्यास विसरलात की सोयीस्कर गाळलात? स्वीडन, डेन्मार्क, फिनलंड, ४४,७८८ जोड्या, साल २०००. प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये आनुवंशिकतेचा वाटा ४२ टक्के.

सुमेधा_क
विश्वंभरराव, त्याच अभ्यासात स्तनाच्या कॅन्सरला २७ टक्के आहे, ते का नाही लिहिलंत? उरलेले ७३ कुठून आले, सोसायटीच्या मेंटेनन्समधून?

पारशी बायकांची लग्नं उशिरा, मुलं कमी, कित्येकींची लग्नंच नाहीत. मठातल्या जोगिणींना, म्हणजे ख्रिस्ती नन्सना, स्तनाचा कॅन्सर जास्त होतो हे रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने अठराव्या शतकाच्या सुरुवातीलाच लिहिलंय. १९२६ मध्ये जेनेट लेन-क्लेपन या बाईने ५०० रुग्ण आणि ५०० इतर बायका शेजारी शेजारी ठेवून तपासल्या. कमी मुलं, उशिरा लग्न, हेच निघालं. स्तनाच्या कॅन्सरचं जनुक सापडायच्या कितीतरी आधी. आता पुण्या-मुंबईच्या सगळ्याच समाजांत तिशीत लग्न आणि एक मूल चाललंय. हळूहळू आपण सगळेच पारशी होतोय, आपसात लग्नं न करता.

आपसातल्या लग्नांनी काहीच होत नाही असं म्हणत नाहीये. पण दोन्ही गोष्टी एकाच समाजात एकत्र आल्या तर त्यातली एकच उचलून नाचू नका.

अनु_पुणे
मी सहसा लिहीत नाही. पण हा ‘जीवनशैली’ शब्द ऐकला की माझं रक्त तापतं.

माझी बहीण छत्तिसाव्या वर्षी आजारी पडली. तंबाखू नाही, दारू नाही, दोन मुलं, दोघांनाही अंगावर पाजलेलं, रोज टेकडी. आणि भेटायला येणारी प्रत्येक बाई विचारायची, ‘अगं, काय खायचीस? मायक्रोवेव्ह वापरायचीस का? टेन्शन घेत होतीस का फार?’ एका मावशींनी तर काळ्या ब्रापर्यंत मजल नेली. केमोच्या खुर्चीत बसून ती मला विचारायची, ‘माझं काय चुकलं गं?’ तुमच्या १६ आणि ८४ मध्ये हे कुठे बसतं, आकडेमोड?

नंतर तपासणीत बीआरसीए-१ या जनुकात दोष निघाला. आईकडून नाही, बाबांकडून आलेला. बाबांकडूनही येतो हे आमच्या अख्ख्या खानदानात कोणाला माहीत नव्हतं. सगळे आईकडच्या माहेराला बोल लावत बसले होते. कारण सापडलं म्हणून तिला बरं वाटलं. हसू नका, खरंच बरं वाटलं.

आकडेमोड
अनुताई, तुमच्या बहिणीला असले प्रश्न विचारणाऱ्यांना माझ्याकडून दोन शिव्या. लोकसंख्येचा आकडा एका माणसाच्या तोंडावर फेकायचा नसतोच. पण तोच नियम विश्वंभररावांच्या आजीला लावा म्हणतोय मी! शिवाय असा एका जनुकातून थेट आलेला आजार स्तनाच्या एकूण कॅन्सरपैकी पाच ते दहा टक्केच. बाकीच्यांना ‘रक्तातच आहे’ सांगणं म्हणजे त्यांची दिशाभूल.

अनु_पुणे
‘टक्केच’. असो. त्या ‘च’मध्ये आम्ही राहतो.

शेतकरी_पुत्र
सगळे शहरी विद्वान जनुक-जनुक खेळा. पंजाबातल्या भठिंड्याहून बिकानेरला जाणाऱ्या गाडीला लोक कॅन्सर ट्रेन म्हणतात, ती का? २०१७ मध्ये यवतमाळात फवारणी करताना माणसं मेली, विसरलात? आमच्याकडे पाठीवर पंप, तोंडाला फडकं, आणि दुपारी त्याच हाताने भाकरी. यावर सर्वेक्षण करा की! ते नाही करणार. कंपन्यांची नावं येतील.

आकडेमोड
यवतमाळ ही विषबाधा होती हो, तासा-दिवसांत दिसणारी. कॅन्सरला वीस-वीस वर्षं लागतात आणि तेवढ्या काळात कोणी कोणतं औषध किती मारलं याची वही कोणाकडे नाही. म्हणून सिद्ध करणं अवघड. खोटं आहे असं मी म्हणत नाहीये. ग्लायफोसेट हे तणनाशक २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेच्या ‘बहुधा कॅन्सरकारक’ यादीत गेलंच आहे.

शेतकरी_पुत्र
वही नाही म्हणजे दोष आमचाच. वा.

नलूआत्या
मिश्रीबद्दल इथे कोणालाच धड माहिती नाही म्हणून लिहिते. मी सातवीत असल्यापासून लावायचे. आमच्या सासूबाईंचा तवा वेगळा असायचा, त्यावर भाकरी नाही टाकायची. तंबाखू त्या तव्यावर काळी होईस्तो भाजायची, सगळ्या घराला ठसका लागायचा, पोरं खोकत अंगणात पळायची. मग ती गार करून तळहातावर चुरायची, लुगड्याच्या धडप्यातून वस्त्रगाळ करायची न् डब्यात भरायची. सकाळी चुलीपुढं बसून बोटानं दाताला लावली की दहा मिनिटं कोणी बोलायचं नाही. घरात सुनेला निवांत बसायला मिळायचं ते तेवढंच. आणि ती लावल्याशिवाय परसाकडला होत नाही, हे तर सगळ्या बायका शपथेवर सांगतील.

सोडायला सांगणारे डॉक्टर हे कधी विचारत नाहीत की ती दहा मिनिटं आता कुठून आणायची.

फटकळ
आत्या, दंडवत. धाग्यातला पहिला कामाचा प्रतिसाद.

आणि मला सांगा, बाई मिश्री लावते ते ‘अज्ञान’ आणि साहेब शनिवारी तीन पेग घेतो ते ‘सोशल’? दारू त्याच संस्थेच्या कॅन्सरकारकांच्या पहिल्या गटात १९८८ पासून आहे. सुपारीही, २००४ पासून, तंबाखू नसलेली. म्हणजे तुमच्या लग्नातल्या विड्यातली. पण व्याख्यानं खेड्यातल्या बाईलाच.

सुमेधा_क
मान्य, पण पहिला गट म्हणजे ‘होतो याची खात्री’, ‘किती होतो’ नव्हे. त्याच गटात सॉसेजही आहे आणि सिगारेटही. दोन्हींचा धोका सारखा नाही.

फटकळ
हे वाक्य दारू पिणारेच का टाकतात प्रत्येक वेळी?

सुमेधा_क
मी पीत नाही. आणि व्यक्तिगत जायचं असेल तर मलाही जाता येतं.

गल्लीतला_डेंटिस्ट
भांडण थांबवत नाही, भर घालतो. मिश्री आजीबरोबर जाईल. नातू काय खातोय ते बघा. राज्यात गुटखा २०१२ पासून बंद. बंद म्हणजे पानटपरीवर मसाल्याची पुडी वेगळी, तंबाखूची वेगळी, दोन्ही फाडून एकत्र ओतायच्या. माझ्याकडे एकोणीस-वीसची पोरं येतात, ‘डॉक्टर, मिसळ झोंबते.’ मी सांगतो, तीन बोटं उभी करून तोंडात घाल. दोनही जात नाहीत. गालाच्या आत हात लावला तर चामड्यासारखं निबर लागतं, पांढरट पट्टे. ते पोरगं हसून म्हणतं, ‘पहिल्यापासून तोंड लहानच आहे माझं.’ आई शेजारी बसून मान डोलावते, ‘याच्या वडलांचंही असंच आहे.’

घ्या विश्वंभरराव, आनुवंशिक.

परांडेकर
‘फुकट पगार खायचे धंदे’ यावर बोलायचं होतं. बार्शीची ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ पासून चालू आहे. बार्शी, भूम, परांडा. मुंबईत रुग्ण दवाखान्यात येतो, कागद होतो, नोंद होते. आमच्याकडे बाई दवाखान्यात जायचीच नाही, मग नोंद कुठली? म्हणून ती माणसं गावोगाव जायची, पोलीसपाटलाला, शिक्षकाला, सुईणीला विचारायची, ‘कोणाच्या अंगावरून जास्त जातंय का, कोणाची जखम भरत नाही का?’ आमच्या पारावर बसून त्यांनी चहा प्यायलेला मी पाहिलाय. आणि त्यातून दिसलं काय, तर आमच्या भागातल्या बायकांत गर्भाशयमुखाचा जास्त. तो ना रक्तातला, ना मिश्रीतला, एचपीव्ही विषाणूचा.

त्यावरच उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिवला १,३१,७४६ बायकांचा अभ्यास झाला. त्यातल्या एका गटाला एचपीव्हीची एकच चाचणी, आयुष्यात एकदा. आठ वर्षांत त्या गटातले मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. २००९ मध्ये जगाने दखल घेतली. आमच्या खेड्यातल्या बायकांमुळे.

विश्वंभर
परांडेकर, अर्धंच सांगितलंत. त्याच अभ्यासात एका गटाची तपासणी केलीच नाही, तुलनेसाठी. त्या गटात ६४ बायका गेल्या, एचपीव्ही गटात ३४. त्या ६४ जणींना कोणी विचारलं होतं? यावर पुढे गदारोळ झाला तो का झाला? माझा राग सर्वेक्षणावर आहे तो यासाठी. गरिबाची नोंद घ्यायची, उपचार साहेबांच्या देशात.

परांडेकर
चाचणी तेव्हा सरकारी दवाखान्यात कुठेच मिळत नव्हती, ‘नेहमीची सेवा’ म्हणजे काहीच नाही. त्या गटातल्या बायकांना आजाराची माहिती आणि तपासणी कुठे करता येईल हे सांगितलं होतं.

विश्वंभर
सांगितलं होतं. परांड्याहून एसटीचे पैसेही सांगितले होते का?

आकडेमोड
विश्वंभररावांचा हा मुद्दा बरोबर आहे, लिहिताना दात दुखतायत तरी. पण मालक, तुम्हाला हा ६४ विरुद्ध ३४ चा आकडा कुठून मिळाला? फुकट पगार खाणाऱ्यांनी मोजला म्हणूनच ना? आणि कालपर्यंत ‘होणार त्याला होणारच’ होतं. आज तीस जणी वाचवता आल्या असत्या म्हणून भांडताय. ठरवा एकदा.

विश्वंभर
बरं. तोंडाचा, फुप्फुसाचा आणि गर्भाशयमुखाचा तुम्ही घ्या. स्तनाचा आणि प्रोस्टेटचा माझ्याकडे राहू द्या. मास्तरांचा आतड्याचा वाटून घेऊ. आजीला मात्र हात लावायचा नाही.

सुमेधा_क
आतड्याचा ३५ टक्के तुमचा, जुळ्यांच्या हिशेबाने.

फटकळ
भाऊबंदकीत जमीन वाटतात तसं चाललंय.

अनु_पुणे
एक कामाचं विचारते, विनोद झाले असतील तर. माझी तपासणी अजून झालेली नाही. एका प्रयोगशाळेचा रोज फोन येतो, ‘ऐंशी कॅन्सरची जनुक तपासणी, सणाची सवलत’. करावी का?

गल्लीतला_डेंटिस्ट
दातवाला असून सांगतो, फोनवरच्या पॅकेजला नाही म्हणा. तुमच्या बहिणीचा नेमका दोष माहीत आहे. तुमच्यात तेवढाच शोधायचा. तो असण्याची शक्यता निम्मी. बहिणीचा अहवाल घेऊन आधी जनुकीय समुपदेशकाकडे जा, रक्त नंतर द्या. ऐंशीच्या पॅकेजमध्ये ‘अर्थ निश्चित नाही’ असे दोन-तीन शेरे येतात आणि माणूस वर्षभर झोपत नाही. भाऊ असेल तर त्यालाही न्या. त्याच्या मुलींकडे तो दोष त्याच्याकडून जाऊ शकतो.

अनु_पुणे
भाऊ आहे. तो म्हणतो, हा बायकांचा आजार.

नलूआत्या
त्याचा नंबर दे मला.

विश्वंभर
आत्या, तुम्ही मिश्री सोडली का, ते राहिलंच.

नलूआत्या
गालात पांढरा चट्टा आला तेव्हा सोडली. डॉक्टर म्हणाले, सोडली तर जातो कधी कधी. गेला. सासूबाईंचा नव्हता गेला, त्यांनी सोडलीच नव्हती. आता सकाळी दहा मिनिटं नुसती बसते. सून विचारते, ‘बरं वाटत नाही का?’

आकडेमोड
डॉक्टरांचं बरोबर होतं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या लोकांनी केरळात एर्नाकुलमला गावकऱ्यांच्या मागे लागून तंबाखू सोडवली-कमी केली, तर हे चट्टे नव्याने होण्याचं प्रमाणच घटलं. त्याआधी १९७२ मध्ये छापलेल्या अभ्यासात महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ खेडूतांची तोंडं उघडून पाहिली होती त्यांनी, तुमच्या मिश्रीसकट.

विश्वंभर
एक लाख तोंडं! पगार वसूल म्हणायचा.

शेतकरी_पुत्र
फवारणीचं कोणी बोललंच नाही शेवटपर्यंत.

आकडेमोड
वेगळा धागा काढा. येतो तिकडे.