हा विषय बाहेरून आलेला नाही
वर कुणीतरी लिहिलंय की जेंडर स्टडीज (समाज स्त्री, पुरुष, ट्रान्स यांना कसं वागवतो याचा अभ्यास) हे पाश्चात्त्यांचं फॅड, आपल्या विद्यापीठांत कशाला. अहो, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदेंनी स्त्रियांवरच्या अन्यायाबद्दलचं 'स्त्री-पुरुष तुलना' हे पुस्तक १८८२ साली लिहिलं! आणि र. धों. कर्वे, गणिताचे प्राध्यापक, संततिनियमनाचा प्रचार करतात म्हणून कॉलेजची नोकरी गेली तरी १९२७ पासून शेवटपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवत राहिले. मुंबईच्या एसएनडीटी महिला विद्यापीठात स्त्री-अभ्यासाचं संशोधन केंद्र १९७४ पासून आहे.
मी बीएला हा पेपर ऑप्शनल घेतला होता, आजीच्या नावावर जमीन का नाही हा प्रश्न मला पहिल्यांदा त्या वर्गात पडला, घरी विचारलं तर आईच रडायला लागली. मला तर वाटतं मेडिकलच्या मुलांना हा पेपर कंपल्सरी हवा, ट्रान्स पेशंटशी नीट बोलायचं कसं हे त्यांना कोण शिकवणार?