गाडीचा फ्युएल पंप घरी बदलताना: तुमचे अनुभव

शेजारच्या काकांची गाडी सकाळी सेल्फ घेत होती, पण इंजिन काही उठेना. चावी फिरवली की मागच्या सीटखालच्या टाकीतल्या पंपाची दोन सेकंद जी घूंऽऽ येते, तीच गायब. एकदम आमचे मामा आठवले. टाकीवर पंप धरून ठेवणारी लॉक रिंग लाकडी ठोकळ्याने टुकटुक करत फिरवायचे आणि आम्हा पोरांना दम, "बल्ब घेऊन कुणी जवळ यायचं नाही!" काका म्हणतायत, रविवारी आपणच बदलू. उघड्यावर आणि दिवसाउजेडी करायचं एवढं ठरलंय. ज्यांनी केलंय त्यांनी लिहा.

गॅरेजवेडा
पंपच गेलाय कशावरून? आधी फ्यूज. मग रिले (पंपाला करंट देणारा छोटा डबीसारखा स्विच), शेजारी तसाच दुसरा असेल तर अदलाबदल करून बघा. मग पंपाच्या कनेक्टरला मीटर लावा आणि काकांना चावी द्यायला सांगा. १२ व्होल्टच्या आसपास येतायत, अर्थ चांगला आहे आणि तरी पंप गप्प, तर गेला. ऑफिसातल्या एकाने नवाकोरा पंप घातला, गाडी ढिम्म. अर्थची वायर गंजली होती.

टॉर्चवाली
+१ अर्थला. आमच्याकडे मी कायम टॉर्च धरणारी. सीट उचलल्यावर माझं हरवलेलं कानातलं सापडलं, त्यामुळे पंपाबद्दल माझं मत चांगलं आहे 😄

दहा_बाराचा_पाना
सीट उचलली की लगेच झाकण उघडू नका!! वर इंचभर धूळमाती असते, ती थेट टाकीत जाते. आधी ब्रश, मग ओलं फडकं, मग रिंग.
प्रेशरचं कुणी लिहिलं नाही अजून. इंजेक्शनच्या बऱ्याच गाड्यांत लाइनमध्ये ३ बारच्या आसपास प्रेशर असतं आणि गाडी बंद केल्यावरही राहतं. पंप चालू असेल तर त्याचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं. काकांचा बंदच असेल तर ही युक्ती नाही चालणार, पाइपवर फडकं गुंडाळून सावकाश सोडवा. डोळ्याला चष्मा. बॅटरीची निगेटिव्ह काढायची ती हे झाल्यावर, पण टाकी उघडायच्या आधी.

मधुरा७
टाकी फुल असेल तर?

दहा_बाराचा_पाना
पाव टाकीच्या खाली आणा. आणि कृपा करून तोंडाने नळी ओढू नका, हातपंप वापरा.

निवांत
लोखंडी छन्नी-हातोडा घेऊन रिंगवर तुटून पडणारे पाहिलेत. एक ठिणगी पुरे. पितळी ड्रिफ्ट (ठोकायचा दांडा) नाहीतर लाकूड. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, खाली साचते, म्हणून बंद गॅरेजात किंवा खड्ड्यावर गाडी घेऊन हे काम नकोच. अग्निशामक हाताशी ठेवा, डिकीत खाली दाबून नको.
घाईत लिहितोय, कुकर झालाय.

गॅरेजवेडा
किती शिट्ट्या? 😂

सुमेधा_
रिंगखालचं रबरी सील नवंच घाला. जुनं बाहेर काढलं की पेट्रोल पिऊन इतकं फुगलेलं असतं की खाचेत परत बसतच नाही, आत्ता तर तिथेच होतं! नव्याला पेट्रोलचं बोट लावून बसवा. कुठे दुमडलं तर दुसऱ्या दिवशी गाडीभर वास.
पंप वर काढताना तिरका करा, फ्लोटची (पेट्रोलची पातळी मोजणाऱ्या तरंगत्या गोळ्याची) काडी अडकते. ती वाकली की काटा आयुष्यभर खोटं बोलतो.

चारचाकी_दादा
नुसती मोटर बदलणार असाल तर आतली नळी बघून घ्या. बाहेर वापरायची साधी पेट्रोल नळी आत बुडून राहिली की खराब होते. आतल्यासाठी 'एसएई ३०आर१०' छापलेली येते, महाग असते पण तीच घ्या. आणि प्लस-मायनस उलटं नको, बरेच पंप उलटे फिरतात. जाळीही नवी. जाळीला तळाशी गाळ दिसला तर आधी टाकी धुवा, नाहीतर नवा पंपही त्याच वाटेने जाणार.

मधुरा७
आमचे हे कायम रिझर्व्हवर चालवतात. त्याने पंप जातो म्हणतात ते खरं का?

चारचाकी_दादा
खरं. भोवतालचं पेट्रोलच त्याला थंड ठेवतं. म्हणूनच नवा पंप टेबलावर कोरडा फिरवून बघायचा नसतो.

मधुरा७
स्क्रीनशॉट काढलाय. आज जेवताना दाखवते.

निवांत
जेवण झाल्यावर दाखवा.

सुमेधा_
राहिलंच. बसवल्यावर लगेच सेल्फ मारू नका. चावी ऑन-ऑफ, ऑन-ऑफ, तीन-चारदा, म्हणजे प्रेशर भरतं. झाकणाशी आणि प्रत्येक जोडाशी कोरडा टिश्यू फिरवून बघा, मगच सीट लावा. क्लिपा 'टक्' वाजल्या तरी एकदा ओढून बघा.

डिझेलवाला
हे आमच्या गाडीला चालेल का?

गॅरेजवेडा
डिझेलचं प्रकरण वेगळं, हवा काढावी लागते. आणि इंजिनवरचा हाय प्रेशर पंप असेल, डिझेलचा असो की डायरेक्ट इंजेक्शनचा, तर घरी हातसुद्धा लावू नका. वेगळा धागा काढा.

टॉर्चवाली
हाताचा वास कशाने जातो?

सुमेधा_
नायट्राइलचे हातमोजे.

टॉर्चवाली
अहो, आधीच लागलाय!