रजिस्टर, शेततळं आणि आत्म्याची मोकळीक

हार्मोनियम काळी दोन: इथल्या कालच्या पोस्टीत लिहिलंय, "जुन्या चर्चमध्ये रजिस्टर तेवढं उरलं, आत्मा पत्र्याच्या शेडात भरणाऱ्या नव्या मंडळ्यांत (उपासकांच्या गटांत) गेला." गेला असेल. मग त्याच शेडातल्या पोराचं लग्न ठरलं की पहिला फोन आमच्या जुन्या चर्चच्या पाळकांना (धर्मगुरूंना) का? १८७२च्या ख्रिस्ती विवाह कायद्यात लग्न लावणाऱ्याला कलम ६चा परवाना लागतो, दोन साक्षीदार लागतात, वेळ सकाळी ६ ते संध्याकाळी ७. परवाना नसलेल्या ब्रदरने डोक्यावर हात ठेवला म्हणून सर्टिफिकेट निघत नाही, आणि पुढे वारसाच्या कागदाला अडतं. दफनभूमीचंही तेच. हालेलूया तिकडे, शेवटची सहा फूट जागा आमच्या वहीतून.

पत्र्याखालचा: काऊन बाप्पा, परवाना म्हणजे आत्म्याचं तारण हाय काय? तुमच्या एका पाळकाकडं पाच गावं. मानूस खाटेवर पडला तर पाळक महिन्यानं येते. आमचा पास्टर रात्री आठले घरी येऊन प्रार्थना करते. सोयाबीन सोंगायच्या दिवसांत सकाळी दहाच्या उपासनेले कोन बसन? आमी संध्याकाळी सातले ठेवतो.

जुनी वही: 'नवं-जुनं' जरा जपून म्हणा. मोठ्यानं रडून प्रार्थना करणं १९०५ साली केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये झालंय. लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरची अशा प्रार्थनेची लाट त्यानंतरची. आणि ज्याला परंपरा म्हणता ते सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) २९ नोव्हेंबर १९७०ला नागपुरातच सहा पंथांच्या मंडळ्या जोडून झालं. त्यात बालबाप्तिस्मा आणि प्रौढांचा, दोन्ही चालतात. अलायन्सवाले (ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स) तर पहिल्यापासून बुडवूनच देतात. बुडवणं काही शेडवाल्यांचा शोध नाही.

फक्त तुम्ही शेडवाले बुडवता तसं शेततळ्यात बुडवू नका! तळाला ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद, त्यावर शेवाळ, बाजूंना उतार. ओला पाय सुटला की माणूस थेट मधल्या खोलीकडे सरकतो, वर यायला पकड नाही. तळं तीन-तीन मीटर खोल असतं. त्यात पाण्यात साडी फुगते, ओली झाली की पायात गुंतते.

पत्र्याखालचा: नदीले मार्चनंतर पानी नसते. मंग कुठी देऊ बाप्तिस्मा, ग्लासात?

जुनी वही: सिमेंटच्या टाक्यात. पाणी कमरेपर्यंत, जास्त नको. दोन्ही बाजूंना एकेक धडधाकट माणूस. घेणाऱ्याच्या हातात घडी केलेला रुमाल, तो नाकावर. एक हात मानेखाली, एक छातीवरच्या हातांवर, आणि मागे झुकवायचं. आधी गुडघे थोडे वाकवायला सांगा, नाहीतर पाय वर येतात आणि सगळं वजन पाळकाच्या कमरेवर पडतं.

पत्र्याखालचा: म्हाताऱ्या बाईले मागं पाडता काय? तिले टाक्यात पाटावर बसवून समोर वाकवा. झालं.

हार्मोनियम काळी दोन: बाप्तिस्मा म्हणजे ख्रिस्ताबरोबर 'पुरलं जाणं'; समोर वाकवल्यावर ते कसं होणार? पुढे-मागे यावरून आणखी एक पंथ काढा आता, बोर्ड रंगवायला दिलाच असेल.

शब्बाथशाळा मावशी: पुढे-मागे राहू द्या, दशांशाचं (मंडळीला द्यायच्या उत्पन्नाच्या दहाव्या भागाचं) बोला. आमच्याकडे सुगीच्या उपकारस्तुतीला तूर, ज्वारी, कापूस वेदीपुढे ठेवतात. उपासना झाली की लिलाव, आकडा सर्वांसमोर, खजिनदार तिथंच वहीत चढवतो. शेडात क्यूआर कोड लावलाय आणि खातं पास्टरच्या बायकोचं. याला मोकळीक म्हणतात का?

पत्र्याखालचा: अन् तुमच्या जागांच्या केसेस कोर्टात कोन लढून रायलं, आमी काय? वही असून चर्चचं कंपाउंड गेलं ना मावशी?

शब्बाथशाळा मावशी: गेलं. म्हणून वही फाडायची?

पत्र्याखालचा: बरं. ट्रस्ट नोंदवतो, दोन सह्यांचं खातं काढतो. तुमी संध्याकाळची उपासना ठेवा.

हार्मोनियम काळी दोन: वा, उपकार झाले. सुगीपुरती वेळ बदलायला हरकत नाही, हे मात्र मान्य.

पत्र्याखालचा: अन् शेततळं सोडलं. पन तुमच्या चर्चमागचं टाकं रविवारी दुपारी देता काय? चौघं हायेत.

हार्मोनियम काळी दोन: कमिटीला अर्ज करा. लेखी. रजिस्टरला नोंद घ्यावी लागेल.