वजन तेच, पण बुलेट तांब्याची: .३०८ चा जुना लोड चालेल का?

नवा_नेम:
रायफल .३०८ विंचेस्टर, बोल्ट ॲक्शन, नळीचा पीळ (आतल्या रायफलिंगच्या खाचांचा) १२ इंचांत एक फेरा. काडतुसं घरी भरतो. १६८ ग्रेनच्या (ग्रेन म्हणजे वजनाचं छोटं एकक) शिशाच्या मॅच, म्हणजे नेमबाजीच्या, बुलेटवर माझा लोड (पावडर-बुलेटचं जमवलेलं प्रमाण) छान बसलाय, शंभर मीटरवर भोकं एकमेकांना चिकटून पडतात. आता शिसं चालणार नाही अशा ठिकाणी शिकारीला जायचंय, म्हणून अख्ख्या तांब्याच्या बुलेट आणल्या. त्याही १६८ ग्रेनच्याच. पावडर तीच, प्रायमर (पावडर पेटवणारी टोपी) तेच, पुंगळ्याही (काडतुसांची कवचं) त्याच. काडतुसाची एकूण लांबी नेहमीसारखी २.८०० इंच ठेवून जुनाच चार्ज (पावडरचं वजन) भरला तर काय बिघडेल? फार तर अर्धा ग्रेन कमी करतो. जाणकारांनी सांगावं.

ग्रेनतराजू:
अर्धाच ग्रेन का, हे आधी सांगा. पाव का नाही, तीन का नाही? आकडा मनाने काढलेला असेल तर भरायला बसू नका.

दोन्ही बुलेट शेजारी उभ्या करा आणि कॅलिपर लावा. शिशाची घनता ११.३, तांब्याची ९ च्या आत. वजन आणि व्यास तोच ठेवायचा तर तांब्याची बुलेट लांबच होणार. तुमची जुनी साधारण १.२२ इंच असेल आणि नवी १.४० च्या आसपास, असं धरू. एकूण लांबी २.८०० वरच अडवलीत तर हा ०.१८ इंचाचा फरक जाणार कुठे? सगळा पुंगळीच्या आत. म्हणजे बुलेटचं बूड साडेचार मिलिमीटर आणखी खाली, मान केव्हाच सोडून थेट पावडरीत. एवढ्या तुकड्याने जवळजवळ ३.४ ग्रेन पाण्याइतकी जागा खाल्ली, आणि .३०८ ची अख्खी पुंगळी काठोकाठ भरली तर ५६ ग्रेनच्या आसपास पाणी मावतं. तोच चार्ज लहान खोलीत पेटवलात की दाब चढणार.

त्यात तांबं दबत नाही. जॅकेटखालचं मऊ शिसं रायफलिंगमध्ये शिरताना जरा नमतं घेतं, अखंड तांबं घेत नाही. म्हणून तर बऱ्याच तांब्याच्या बुलेटच्या अंगावर खाचा पाडलेल्या असतात.

तेव्हा जुना चार्ज विसरा. बुलेट बनवणाऱ्याने त्याच बुलेटसाठी छापलेला डेटा काढा, त्यातला सुरुवातीचा चार्ज आणि त्यातलीच एकूण लांबी घ्या, तिथून थोडं थोडं वर चढा. वाटेत क्रोनोग्राफ (बुलेटचा वेग मोजणारं यंत्र) हवाच. पुस्तकातला कमाल वेग कमी पावडरीतच आला, तर दाबही तिथे पोचलाय असं समजून थांबा. प्रायमर चपटा झाला, बोल्ट उचलायला जड गेला, पुंगळीच्या बुडावर इजेक्टरचा ठसा उमटला, या खुणांची वाट बघत बसू नका. .३०८ ची सामीची (SAAMI, काडतुसांची मानकं ठरवणारी अमेरिकन संस्था) दाबाची मर्यादा ६२,००० पीएसआय आहे आणि या खुणा बऱ्याचदा ती ओलांडल्यावरच दिसतात.

दाबाइतकाच मोठा प्रश्न पिळाचा. मिलरच्या सूत्रात (बुलेट उडताना स्थिर राहील का ते काढायचं सूत्र) घालून बघितलं: १२ च्या पिळात १.२२ इंची बुलेटचा स्थिरतेचा आकडा १.७ च्या वर येतो, १.४० इंचीचा जेमतेम १.१५. दीडच्या आसपास असला की निर्धास्त. १.१५ वर थंड, जड हवेत बुलेट डगमगायला लागते आणि कागदावर गोल भोकाऐवजी लांबट फट पडते. १० च्या पिळात हीच बुलेट १.६६ वर जाते.

बोल्टवाला:
एवढं घाबरवू नका हो. मी कुठलीही बुलेट बदलली की जुन्या चार्जमधून सरळ दहा टक्के काढतो आणि पुढे जातो. कधी काही झालं नाही.

ग्रेनतराजू:
@बोल्टवाला, दहा टक्के कशाचे? तुमचा जुना लोड कमालीला टेकलेला असेल तर वेगळं, मधला असेल तर वेगळं. आणि हळू जळणारी पावडर असेल तर छापील सुरुवातीच्याही खाली जाणं धोक्याचं. छापील डेटा हाताशी असताना अंदाज हवाच कशाला?

कॅलिपर:
+१ ग्रेनतराजू. दोन गोष्टी जोडतो.

सीटिंग डायचा (पुंगळीत बुलेट बसवणारं साधन) स्टेम, म्हणजे बुलेटला ढकलणारा दांडा, आधी भरपूर वर घ्या, मग नवीन बुलेटवर हळूहळू खाली आणा. जुन्या सेटिंगवर लीव्हर ओढलात तर बुलेट खोल ढकलली जाईल. शिवाय लांब निमुळती बुलेट जुन्या स्टेममध्ये टोकावर टेकते. स्टेमने बाजूला धरायला हवं, टोकाला नाही. टोक दबलेलं किंवा चरे पडलेलं दिसलं तर लांब बुलेटसाठीचा स्टेम मिळतो, तो घ्या.

लँड्सपर्यंतचं (रायफलिंगच्या खाचांमधले उंचवटे) अंतरही नव्याने मोजा, कॅलिपरला कम्पॅरेटर (मोजायचं जोडसाधन) लावून ओजाइव्हवरून, म्हणजे बुलेटच्या निमुळत्या वळणावरून. टोकावरून मोजलेली लांबी इथे कामाची नाही. बार्न्स ही बुलेट कंपनी तर त्यांच्या तांब्याच्या बुलेटना लँड्सपासून ०.०५० इंच मागे ठेवून सुरुवात करायला सांगतात. शिशाच्या मॅच बुलेटची सवय असलेल्याला ही उडी फार वाटते, पण तांब्याला मानवते. मॅगझिनमध्ये बसतंय ना, तेही बघा.

आणि बुलेटचं टोक प्लास्टिकचं असेल तर मिलरचा आकडा जरा जास्तच कडक येतो. टोकाला वजन नाही पण लांबी मोजली जाते.

नवा_नेम:
मोजलं. जुनी १.२२, नवी १.३९, टोक प्लास्टिकचं नाही. पीळही तपासला: फिरत्या मुठीचा दांडा, घट्ट चिंधी, दांड्यावर खूण. एक फेरा १२ इंचांतच होतो. मित्राकडे त्याच कंपनीच्या तांब्याच्या १५० ग्रेनच्या आहेत, लांबी १.२५. त्या चालतील का?

ग्रेनतराजू:
१.२५ ला १.४३ येतो, चालतील. १६८ चा डबा १० च्या पिळाची रायफल असलेल्याला देऊन टाका. डेटा मात्र १५० चाच काढा. पहिलं काडतूस भरण्याआधी नळीतला जुना तांब्याचा थर पूर्ण काढून घ्या, आणि झिरो (नेम आणि दुर्बिणीचा मेळ) नव्याने करा, तो जागेवर राहणार नाही.

नवा_नेम:
कॉपर सॉल्व्हंट लावून ठेवलाय. चिंधी अजून निळी येतेय.

ग्रेनतराजू:
पितळी जॅग (सफाईच्या दांड्याचं चिंधी धरणारं टोक) लावला असेल तर तोही निळा रंग देतो. निकेलचा किंवा प्लास्टिकचा लावून बघा.