वर्गातल्या खुर्च्यांचा कर्कश आवाज आणि फरशीवरचे चरे, काय करावं?

तिसरीच्या बाई:
नमस्कार, आमचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर, ३२ मुलं, लोखंडी पाइपच्या खुर्च्या आणि खाली व्हिट्रिफाइड टाइल्स. पायांची बुचं कधीच गळून पडलीत, त्यामुळे पाढे म्हणायला मुलं उभी राहिली की असा कर्रर्र आवाज होतो की अंगावर काटा येतो, खालच्या वर्गातल्या मॅडम दोनदा वर येऊन गेल्या. फरशीवर अर्धगोल चरे पडलेत ते वेगळंच. पण मला लागलंय ते दुसरंच. वर्गात एक मुलगी श्रवणयंत्र लावते, खुर्च्या सरकायला लागल्या की ती मशीन काढून कंपासपेटीत ठेवते आणि मग पुढचा तासभर नुसती माझ्या ओठांकडे बघत बसते. "खुर्ची उचलून ठेवा" सांगून झालं, दोन दिवस ऐकतात. स्वस्तात टिकाऊ काही आहे का?

फॅब्रिकेशनवाला:
ताई, आत ठोकायचं बूच नका घेऊ, बाहेरून चढणारा रबरी बूट घ्या. पाय तिरके असतील तर आतलं बूच एकाच कडेनं झिजतं आणि पाइप परत टाइलला लागतो. पायाला दोरा गुंडाळून मोजा, ८ सेंमीच्या आसपास भरला तर दुकानात एक इंची मागा. चढवायच्या आधी पाइपची धार कानशीने मारा, नाहीतर रबर आतून कापलं जाऊन बुडाला भोक पडतं, बुटात एक लोखंडी वायसर (मध्ये भोक असलेली चपटी चकती) टाकला तर अजून बरं. कोरडं चढत नसेल तर साबणाचं पाणी लावा, तेल अजिबात नको. आणि काळं रबर पांढऱ्या टाइलवर डाग सोडतं, करडं मिळतंय का बघा.

पाचवी ब:
आम्ही टेनिस बॉलला फुलीसारखा काप देऊन बसवले होते. आवाज एकदम बंद, पण केस आणि धूळ इतकी चिकटते की झाडणाऱ्या मावशी वैतागल्या, शिवाय मधल्या सुट्टीत बॉल काढून क्रिकेट सुरू 😀 फेल्टचे स्टिकर तर घेऊच नका, ओल्या पोछ्याने सुटतात आणि त्यात खडा अडकला की तोच फरशी ओरबाडतो.

स्पीच थेरपिस्ट:
बाई, तिला मशीन काढल्याबद्दल रागवू नका हं. मशीन तुमचा आवाज मोठा करतं तसा खुर्चीचाही करतं, ते तिला खरंच सहन होत नसणार. पालकांना सांगून ऑडिओलॉजिस्टकडून सेटिंग तपासून घ्या. अमेरिकेत नेहमीच्या आकाराच्या वर्गासाठी रिकामा असताना आजूबाजूच्या आवाजाला ३५ डेसिबल आणि आवाज घुमत राहण्याला ०.६ सेकंद अशी मर्यादा धरतात. टाइल्स आणि उघड्या भिंती असल्या की आवाज घुमतोच, मागच्या भिंतीला जाड कापडाचा फळा आणि खिडक्यांना पडदे लावून बघा.

तिसरीच्या बाई:
दोरा लावला, बरोब्बर आठ भरला. सगळ्यांचे मिळून १२८ बूट लागतील, तेवढे लगेच मंजूर होणार नाहीत, म्हणून उद्या आधी तिच्या आजूबाजूच्या आठ खुर्च्यांना माझ्या पैशाने बसवते. कानस शिपाईकाकांकडे आहे.