कोजागिरीला दोन म्हाताऱ्यांची बॉक्सिंग : सल्ला द्या, जरा लवकर

धाकटी_लेक (त्रिमूर्तीनगर, नागपूर)

नमस्कार मंडळी. प्रश्न सिनेमाचाही आहे अन् घरचाही. कोणत्या विभागात टाकावा समजलं नाही, म्हणून इथंच टाकते.

मागच्या रविवारी जेवणं झाल्यावर दादानं टीव्हीवर ‘ग्रज मॅच’ लावला. २०१३ चा आहे. सिल्वेस्टर स्टॅलोन अन् रॉबर्ट डी निरो. दोघंही पिट्सबर्गचे जुने बॉक्सर, दोघांनी एकमेकांविरुद्ध एकेक मॅच जिंकलेली. तिसरी व्हायच्या आधीच स्टॅलोन खेळ सोडून देतो. मग तीस वर्षांनी पैशापायी दोघं पुन्हा रिंगमध्ये उतरतात. विनोदी सिनेमा आहे. आई, वहिनी अन् मी हसून हसून दमलो. बाबा हसले नाहीत. बाबांच्या बाजूला काकाजी बसले होते, तेही हसले नाहीत.

काकाजी म्हणजे नात्यातले नाहीत. ते वाडीला राहतात, ऑर्डनन्स फॅक्टरीतून रिटायर झाले. बाबा रेल्वेतून. ऐंशीच्या दशकात दोघंही बॉक्सिंग खेळायचे, अन् एका स्पर्धेच्या फायनलला समोरासमोर आले. पाच जज. तिघांनी काकाजींना दिलं, दोघांनी बाबांना. त्यानंतर दोघांची लग्नं झाली, पोरं झाली, आम्ही एकमेकांच्या घरी दिवाळीचा फराळ नेऊन राहिलो, दादाच्या लग्नात काकाजींनी बाबांपेक्षा जास्त धावपळ केली. पण ते ३-२ काही गेलं नाही. दरवर्षी एकदा तरी निघतंच. बाबा म्हणतात, “तो का मले हरवते? मले जजनं हरवलं.” काकाजी यावर काहीच बोलत नाहीत, फक्त सुपारी कातरतात. बाबांना त्याचाच जास्त राग येतो.

तर सिनेमा संपला, नावं वर सरकून राहिली होती, अन् बाबा म्हणाले, “आपली दुसरी झालीच नाही.” काकाजींनी अडकित्ता खाली ठेवला. म्हणाले, “कधी करतं?”

मला वाटलं, संध्याकाळपर्यंत विसरतील. दुसऱ्या दिवशी बाबा सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटून आले. कोजागिरीला आमच्या गच्चीवर दूध असतं, अंताक्षरी असते, संगीत खुर्ची असते. मागच्या वर्षी अंताक्षरीत ‘ण’वरून भांडण झालं होतं म्हणून सेक्रेटरींनाही काहीतरी वेगळं पाहिजेच होतं. त्यांनी हो म्हणून टाकलं! तीन राउंड, कपडे वाळवायच्या दोऱ्यांची रिंग, खाली गाद्या.

बाबा ६६ चे. हृदयाला स्टेंट आहे, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. काकाजी ६४ चे, साखर आहे, गुडघे गेलेले. आईनं अबोला धरला आहे. बाबा सकाळी अंबाझरीला जाऊन हवेत ठोसे मारून राहिले, लोक बघतात. नुसतं “नको” म्हटलं तर दोघंही आणखी हट्टाला पेटतील, इतकं त्यांना ओळखते. थांबवायचं कसं, किंवा थांबवायचं नसेल तर करायचं काय?

सावजी_शौकीन

ताई, तिकीट किती ठेवलं? आमचे चार धरा.

कोथरूड_रिटर्न

मूळचा धरमपेठचा, आता पुण्यात. सल्ला नंतर, आधी सिनेमाबद्दल थोडं, कारण तिथेच थोडी मेख आहे.

हा सिनेमा पीटर सेगलचा. तो नुसता दोन म्हाताऱ्यांवर चालत नाही, बॉक्सिंगवरच्याच दोन जुन्या सिनेमांवर चालतो. १९७६ चा ‘रॉकी’ स्टॅलोनचा आणि १९८० चा ‘रेजिंग बुल’ डी निरोचा, ज्यासाठी त्याला ऑस्कर मिळालं. म्हणजे पडद्यावर जे दोघं भांडतात ते बॉक्सर नाहीत, दोन गाजलेल्या भूमिका आहेत. स्टॅलोन लटकवलेल्या मांसावर ठोसा मारायला जातो आणि म्हातारा ट्रेनर अॅलन आर्किन त्याला अडवतो, तेव्हा हशा ‘रॉकी’ पाहिलेल्याला येतो, कारण तिथे तो मांसावरच सराव करतो. सिनेमा आला तेव्हा डी निरो ७० चा होता, स्टॅलोन ६७ चा. ठोसे कॅमेऱ्यानं मारलेले आहेत, कापून जोडलेले आहेत. तुमच्या गच्चीवर एडिटर नसेल.

माझ्या मते सिनेमाचा सगळ्यात सच्चा भाग शेवटची मॅच नाहीच. व्हिडिओ गेमसाठी दोघांना हिरवे घट्ट सूट घालून बोलावतात आणि तिथेच ते एकमेकांवर तुटून पडतात, तो प्रसंग सच्चा आहे. तिकीट काढून बघणारं कोणी नाही, जज नाहीत, बक्षीस नाही, दोघंही दिसतात विदूषकासारखे आणि राग मात्र शंभर टक्के खरा. मधला प्रेमाचा आणि मुलाचा भाग मला फार लांबलेला वाटला. नावं संपताना टायसन आणि होलीफिल्ड हे खरेखुरे बॉक्सर येतात, तिथे थांबला होतात ना? १९९७ मध्ये टायसननं ज्याचा कान चावला त्याच होलीफिल्डसोबत तो बसलेला आहे.

धाकटी_लेक

थांबलो होतो भाऊ, तिथंच तर सगळं बिघडलं. टायसनला बघून काकाजी म्हणाले, “हा तर आत्ता आत्ता खेळला.”

कोथरूड_रिटर्न

बरोबर आहे त्यांचं. नोव्हेंबर २०२४, यूट्यूबवरून बॉक्सिंगमध्ये आलेल्या जेक पॉलविरुद्ध, टायसन ५८ चा होता. पण राउंड दोन-दोन मिनिटांचे ठेवले होते आणि ग्लोव्ह्ज १४ औंसांचे. पॉल त्याच्यापेक्षा ३१ वर्षांनी लहान, तोच जिंकला. ती मॅच काकाजींना पूर्ण दाखवा. शेवटच्या राउंडांमध्ये टायसनचे पाय बघायला सांगा.

रात्रपाळी

मी डॉक्टर आहे, इथलीच. गंमत बाजूला ठेवून लिहिते.

वय वाढतं तसा मेंदू थोडा आकसतो. कवटी आणि मेंदू यांच्यामधल्या बारीक शिरा त्यामुळे ताणलेल्या असतात. डोक्याला झटका बसला की त्या फाटू शकतात, आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर रक्त थांबत नाही. वाईट म्हणजे हे लगेच कळेलच असं नाही. माणूस घरी येतो, दूध पितो, झोपतो. काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी डोकं दुखायला लागतं, बोलणं अडखळतं, तोल जातो. घरचे म्हणतात, वयामुळे होत असेल. माझ्याकडे असे पेशंट येतात, आणि त्यातले बरेचसे नुसते न्हाणीघरात घसरलेले असतात. कोणी ठोसा मारलेला नसतो.

हेल्मेट घालू म्हणतील. हेडगार्डनं कातडी फुटणं कमी होतं, मेंदूला बसणारा झटका नाही. डोळ्याच्या ऑपरेशननंतर तिथे ठोसा बसला तर लेन्स सरकू शकते, पडदा सुटू शकतो. आणि कृपा करून बाबांनी मॅचसाठी गोळ्या “दोन दिवस बंद” करू नयेत. स्टेंट असलेल्या माणसानं मनानं गोळी थांबवणं हे ठोशापेक्षाही धोक्याचं.

अंगाला न लागता बॉक्सिंगचा व्यायाम मात्र उत्तम. अमेरिकेत इंडियानापोलिसला २००६ पासून पार्किन्सनच्या रुग्णांसाठी असे वर्ग चालतात. बॅगवर किंवा दुसऱ्यानं हातात धरलेल्या पॅडवर मारायचं, समोरच्या माणसाला नाही. बाबांच्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारून तेवढं करायला हरकत नसावी. काकाजींना दोरीवरच्या उड्या नको, गुडघे राहिलेच किती आहेत.

धाकटी_लेक

मॅडम, तुमचं उत्तर मी आईला वाचून दाखवलं. आईनं अबोला सोडला अन् त्याचा आम्हाला पश्चात्ताप होऊन राहिला आहे. गोळ्यांचं तुम्ही कसं ओळखलं? बाबा खरंच दोन दिवस बंद करायचं म्हणत होते. आता डबी आईच्या ताब्यात आहे.

बाबांचं उत्तर जसंच्या तसं : “मी डोक्यावर मारूच देणार नाही. त्याले तेव्हाही माह्या डोक्यापर्यंत पोचता येत नव्हतं.”

डावखुरा

पोरी, मी मानकापूरच्या क्रीडा संकुलात पोरं शिकताना बघत असतो, पूर्वी स्वतः शिकवायचो. तुझ्या बाबांच्या पिढीचा आहे. कदाचित दोघांना ओळखतही असेन, पण नावं विचारणार नाही.

ऑलिम्पिकच्या बॉक्सिंगमध्ये चाळिशीनंतर रिंगमध्ये उतरू देत नाहीत, हे त्या दोघांना माहीत आहे. ते विसरायचं ठरवून बसले आहेत. आता ३-२ बद्दल बोलतो, कारण दुखणं तिथं आहे आणि तुम्ही सगळे ठोशांबद्दल बोलून राहिले.

१९८८, सोल ऑलिम्पिक, ७१ किलो वजनगटाची फायनल. अमेरिकेचा रॉय जोन्स आणि कोरियाचा पार्क सी-हुन. मोजणी झाली होती, जोन्सचे ८६ ठोसे लागले, पार्कचे ३२. निकाल? ३-२, पार्क. घरच्या मैदानावर जिंकला आणि बिचारा पदक गळ्यात घालून मान खाली घालून उभा राहिला. बोंब एवढी झाली की १९९२ च्या बार्सिलोनापासून जजांच्या हातात बटनं आली, कॉम्प्युटरवर गुण मोजायला लागले. तुझ्या बाबांची मॅच त्याच्या आधीची, कागदावरची. तेव्हाचा कागद कोणाला दाखवत नसत.

पुढचं ऐक. पार्क सी-हुन २०२३ मध्ये अमेरिकेला गेला, जोन्सच्या घरी, आणि ते सोन्याचं पदक त्याच्या हातात ठेवलं. व्हिडिओ बाहेर आला तो २०२५ मध्ये. जोन्स रडला. ३५ वर्षांनी रिंग नाही, ग्लोव्ह्ज नाहीत, दोघं उभे आणि मध्ये एक पदक.

सिनेमातलंही एक सांगतो. स्टॅलोनचा एक डोळा अधू आहे हे कळल्यावर डी निरो त्या बाजूनं मारणं सोडतो, आणि डी निरो पडतो तेव्हा स्टॅलोन त्याला हात देऊन उठवतो. लोकांना हे फिल्मी वाटते. पण जो फ्रेझर या खऱ्या बॉक्सरला डाव्या डोळ्यानं नीट दिसत नव्हतं, हे त्यानं स्वतः नंतर सांगितलं. १९७५ ला मनीलात मुहम्मद अलीविरुद्ध चौदा राउंड तो तसाच खेळला, पंधराव्याला त्याच्या ट्रेनरनं, एडी फचनं, पाठवलंच नाही. ट्रेनर असा पाहिजे.

माझा सल्ला. मॅच ठेवा, पण पॅडवर. दोन-दोन मिनिटांचे तीन राउंड, आळीपाळीनं. पॅड मी धरतो, फुकट. ठोसा कसा निघतो, पाय कसे चालतात, गार्ड किती वर राहतो, एवढंच बघायचं. आणि त्याआधी दोघांना एकदा सकाळी मानकापूरला घेऊन ये. आपल्या नागपूरची अल्फिया पठाण २०२१ मध्ये पोलंडला युवा विश्वविजेती झाली, तेव्हापासून तिथं पोरींची रांग लागली आहे. पंधरा वर्षांच्या पोरीचा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, जवळून पाहिला की निम्मा ताप उतरते.

कोथरूड_रिटर्न

डावखुरा काका, सिनेमातला निकालही जजांमध्ये मतभेद होऊनच लागतो हो. स्टॅलोन, अगदी थोडक्यात. हे बाबांना पुन्हा आठवण करून देऊ नका.

सावजी_शौकीन

आठवण? त्यांनी तेवढंच तर पाहिलं असंन पूर्ण सिनेमात.

धाकटी_लेक

मंडळी, काय झालं ते सांगते.

शनिवारी दोघांना मानकापूरला नेलं. एक पोरगी बॅगवर मारून राहिली होती. बाबा पाच मिनिटं गप्प. मग काकाजींना म्हणाले, “हिचा डावा पाहिला?” काकाजी म्हणाले, “आपल्याले असा कोणी शिकवलाच नाही.” इतक्या वर्षांत एका गोष्टीवर दोघांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदा पाहिलं. येताना तर्री-पोहे खाल्ले, दोघांनीही, साखर अन् स्टेंट विसरून. हे आईला सांगितलेलं नाही.

पॅडवर करायला दोघं तयार झाले. काका, तुम्ही येताय हे पक्कं धरते. पण मग रॉय जोन्सची गोष्ट वाचून दाखवली, अन् नवीनच सुरू झालं. बाबा शांतपणे म्हणाले, “मंग आणून दे म्हणा त्याले.” म्हणजे त्या फायनलचा कप. एक वर्ष आपल्या घरी, मग परत. रोटेशन.

काकाजी लगेच हो म्हणाले! मला गहिवरून आलं. वाडीला गेलो कप आणायला. तर तो कप काकूंच्या तांदळाच्या डब्यात. काकू लग्नापासून त्यानंच तांदूळ मोजतात. त्यांनी सरळ नाही म्हटलं. “दोघांले एक कप लागते, पाहुणे आले का दीड. आता मी काय वाटी घेऊन अंदाज करत बसू?” काकाजींनी बाजारातून स्टीलचं माप आणून देतो म्हटलं, तर काकू म्हणाल्या, “तेच देऊन टाका त्याहिले, चमकतं चांगलं.”

बाबा सध्या म्हणताहेत की कपाचा फैसला मॅचवर करू. म्हणजे पुन्हा जज आले. सेक्रेटरी पाच जज ठेवतो म्हणतात, तीन ए विंगचे, दोन बी विंगचे. आम्ही बी विंगचे.

रात्रपाळी

जज ठेवूच नका. ठेवले तर त्यांचं बीपी तपासायला मला बोलवा.

डावखुरा

जज एकच ठेव. काकूंना. कप त्यांच्याकडे आहे, फैसलाही त्याच देतील. मी दोघांच्या हाताला पट्ट्या बांधून देतो, घरून काही आणू नका म्हणा. सहाला पोचतो.

सावजी_शौकीन

दूध किती लिटरचं करून राहिले ते सांगा फक्त. आम्ही आता सहा जण झालो.